तळवा

जाळी चाचणीत पास झाली तर धैर्यशीलला काय मिळणार होतं? घर. नापास झाली, तर दोष शोधायला समुद्रातल्या तेलविहिरीवर मुक्काम; आणि इकडं बायकोचे, क्रांतीचे, दिवस भरत आलेले. त्यामुळं कागलच्या त्या कारखान्यात त्या सकाळी सगळ्यांत भाविक माणूस कोण, तर हा देव न मानणारा इंजिनिअर.

जाळी म्हणजे पोलादी नळीभोवती घट्ट गुंडाळलेली तार. तेल आत यावं, वाळू बाहेर राहावी, एवढंच तिचं काम. विहिरीतली वाळू कालवलेलं पाणी जाळी ठेवलेल्या टाकीत सोडलं, पंप सुरू केला. नळीतून आलं ते गढूळच. धैर्यशीलनं बाटली उजेडात धरली. तळाला बसलेले कण तारांमधल्या फटीपेक्षा जाड होते. तार कुठंही सैल नव्हती. त्यानं पुन्हा मोजलं. जाडच.

"फटीत मावत न्हाय ती वाळू आत आली कशी?"

"पासपोर्ट काढून आली असंल," कृष्णात म्हणाला. हा वेल्डर, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "सरक, बघू."

त्यानं बाही सारली आणि पाण्यात हात घालून तळवा जाळीवर टेकवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

पाणी नितळ झालं.

हात काढला, गढूळ. ठेवला, नितळ.

"काढू नगंस," धैर्यशील म्हणाला.

"गार लागतंय रं. आतनं कोण तरी चाटतंय बघ."

"थोडा वेळ. माझ्यासाठी."

कृष्णात हसला. हात तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं काढला, तेव्हा पाणी नितळच राहिलं. धैर्यशीलचा जीव भांड्यात पडला.

जाळी विहिरीत उतरली. तेलात एक कण नाही, असं कळलं. क्रांतीला मुलगी झाली. धैर्यशीलनं सगळ्या कारखान्याला पेढे वाटले.

त्याच आठवड्यात हजेरीचं यंत्र कृष्णातचा अंगठा घेईना. त्यानं तळवा उलटा केला. एकही रेष नव्हती.

कंपनीनं चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं. काही दिवस चाललं, मग तेही अडू लागलं. त्याच्या गालावरचे खड्डे बुजले होते. हनुवटीची खाच गेली होती.

"दुखतंय काय?" धैर्यशीलनं विचारलं.

"न्हाय की. उलट हलकं वाटतंय."

बारशाला तो आला. क्रांतीनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"अवो, हे पावणं कोण?"

"आपला कृष्णात."

चेष्टा समजून ती हसली.

विहिरीला स्वच्छ तेल, कंपनीला काम, धैर्यशीलला घर आणि लेक. सगळ्याची किंमत चुकती झाली होती. ती चुकती करणारा दारात उभा होता, आणि क्रांती पदर सावरून त्याला परक्यासारखी खुर्ची देत होती.