रिकाम्या भिंतीवरचा उजेड

"अगदी योग्य जागी लावलंस हो चित्र... खोली कशी उजळून निघाली!"

दिवाणखान्याच्या दारात उभी राहून ताई कौतुकाने म्हणाली, आणि भाऊ-भावजय एकमेकांकडे बघू लागले. समोरच्या भिंतीवर चित्र नव्हतंच! नुसता खिळा होता.

भावाच्या नव्या घरासाठी ते तिनेच निवडलं होतं. दुकानात एकेक चित्र पुढे येत होतं, पण तिच्या विझत चाललेल्या डोळ्यांना त्यातलं एकच जाणवलं... डोंगरमाथ्यावर पाठमोरा, बायबलमधला म्हातारा मोशे आणि खाली सोनेरी तेजात न्हालेला, देवाने कबूल केलेला पण त्याला मरण्याआधी फक्त दुरूनच पाहायला मिळालेला तो वचनदत्त देश! वडील गात गात प्रवचन करायचे, तेव्हा याच प्रसंगी ते गाणं थांबवून डोळे पुसत. ते गेल्यावर शिवणयंत्रावर वाकून वाकून तिने भावाला शिकवलं आणि त्यातच नजर गेली. पण हे सांगून त्याच्या गळ्यातली धोंड व्हायचं? छे! त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं.

"ताई," भाऊ चाचरला, "चित्र... कपाटामागे आहे. सोफ्याच्या रंगाला शोभत नव्हतं, म्हणून काल काढलं. पण तुला... तुला दिसत नाही?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला!

"अगं बाई, म्हणजे मी खिळ्याचंच कौतुक केलं की!" ती हसायला गेली, आणि हुंदकाच फुटला. चोरी पकडली गेल्यागत तिने पदरात चेहरा लपवला.

"ताई, नका हो असं करू!" भावजय कळवळली. "परवा तुमच्या घरी चहात मीठ पडलं, तेव्हा मी मेली तुम्हाला विसराळू म्हणून हसले..."

भावाने चित्र ओढून काढलं, स्वतःच्या बाहीने पुसलं, त्याच खिळ्यावर टांगलं. मग ताईचा हात धरून तो रंगांवरून हळूहळू फिरवू लागला. "ही नदी... हा उजेड... आणि हा मोशे. लाज मला वाटायला हवी, ताई! शिवता शिवता तू माझ्यासाठी डोळे दिलेस, आणि मी सोफा बघत बसलो!"

"वडील सांगायचे, मरतानाही मोशेची दृष्टी मंद झाली नव्हती," ती खाली मान घालून पुटपुटली. "माझी मात्र..."

भावाची आसवं तिच्या मनगटावर टपटपली. तिने चाचपडत त्याचा चेहरा ओंजळीत घेतला.

"पण त्या डोंगरावर, शेवटी, त्याच्याजवळ भाऊ नव्हता रे!"