बरणीतले दोघे

"दत्तारामच्या बरणीत दोन होते, आता एकच झालाय. म्हणजे बघ, भावांतला एक..."

नळावर सुंदराबाई बोलत होती. मला पाहिलं नि हंडा उचलून चालती झाली. अर्धी गोष्ट कानात अडकली की मला घास जात नाही. पिठल्याची वाटी घेतली नि फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या शेवटच्या, दत्तारामच्या खोलीत शिरले.

छप्पन सालचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झालेला, बाहेर कर्फ्यू. दत्ताराम कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. कोळ्यांच्या जाळ्यात आलेले समुद्रातले जीव तिथं पोचवायचा. कॉलेज बंद, म्हणून त्यांची बरणी घरी. थोरला भाऊ रामदास मोर्चाला गेला तो चार दिवस परतला नव्हता.

"ये, शेवंतीकाकी." दत्ताराम डावा खांदा दाबून बसला होता.

बरणीत आधी काहीच दिसेना. मग उन्हाची तिरीप आली नि पाण्यातच पाण्याचे दोन फुगे दिसले, कडेला कड चिकटलेले. ना हाड, ना डोळा. अंगावर बारीक कंगव्यांच्या आठ-आठ ओळी, त्यांतून रंग धावत होते... तांबडा, हिरवा, जांभळा.

"जाळ्यात फाटले होते दोघे. रात्रीत जुळले." त्यानं झाडूच्या हिरानं एकाला शिवलं. आकसले दोघेही, एकदम.

"मोर्चाच्या दिवशी दुपारी माझा खांदा फुटल्यासारखा झाला, काकी. वर ओरखडाही नाही... हे जगले तर दादा येईल. पण पाणी नासलंय. चौपाटी इतकी जवळ, नि नाक्यावर पोलीस."

"अरे, वेंगुर्ल्याची मी! समुद्राची चव जिभेवर आहे माझ्या."

नळाच्या पाण्यात खडेमीठ ढवळलं, चाखलं, बरणीत ओतलं. एकाची कड साखरेसारखी विरू लागली. मी घाबरून हात घातला. ओंजळीत नुसतं पाणी आलं. दुसऱ्याचे कंगवे हलत राहिले, मग तेही...

दत्ताराम बरणीवर वाकला. "काकी... दादा पाणी मागतोय."

मी ओली ओंजळ पदराला पुसली.

तिसऱ्या दिवशी कर्फ्यू सैल झाला नि रामदास आपल्या पायांनी जिना चढून आला. डाव्या खांद्याला पट्टी, बाकी धडधाकट. सुंदराबाईच्या तोंडात शेण! मी रडत रडत चहा टाकला. वाफाळता कप त्याच्या हातात कलंडला, बोटांवरून चहा ओघळला. तो माझ्याकडे बघून हसतच राहिला.

"भाजलं ना रे?"

"कुठं, काकी?"

खोलीच्या कोपऱ्यात दत्ताराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. तो आपल्या बोटांवर फुंकर घालत होता, आणि त्या बोटांवर फोड उठत होते.