दगडाचं आठवं तोंड

बाल्झानने नवस केला तो इस्पितळाच्या दारात उभं राहून. आत तिच्या नवऱ्याचं, येर्मेकचं, हृदय थांबू की चालू करत होतं. ती पुटपुटली, "अल्ला, यांना घरी पाठव. जन्मभर दर शुक्रवारी सात शेलपेक तळीन, गेलेल्यांची नावं घेईन, सात घरी वाटीन." मेलेल्यांना घास पोचत नाही, तळलेल्या पोळीचा वास तेवढा पोचतो, हे अराल्स्कमध्ये शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक.

येर्मेक घरी आला. आणि त्याच्या पाठोपाठ आली ती काचेची पेटी.

डॉक्टर म्हणाले होते, शांत बसून मासे बघा. समुद्राने आटत आटत गाव सोडून पन्नास वर्षं झालेली. म्हणून जावयाने कुठल्याशा उबदार समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेले, विमानाने धाडले. घरात ऊब असते ती स्वयंपाकघरात, म्हणून पेटीही तिथेच मांडली. मासा अजून एकही नव्हता, पण दगडांतून रोज नवं काहीतरी निघे. आज तपकिरी शेंबूड, उद्या पांढरे दोरे, परवा जांभळी खरूज. येर्मेक फोटो काढून मासेवाल्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकी.

"काय म्हणतात तुमचे जाणकार?"

"एक म्हणतो अळी, एक म्हणतो स्पंज. तिसरा म्हणतो, नव्या पेटीत असं होतंच."

"म्हणजे कुणालाच ठाऊक नाही! घरात पाहुणे शिरलेत आणि नाव-गाव विचारायची सोय नाही."

मग पाण्यावर तेलकट साय धरली. पेटीचा दुकानदार फोनवर उखडला, "तळण बंद करा, पाण्याचा श्वास कोंडतोय."

"एक शुक्रवार राहू दे गं," येर्मेक म्हणाला.

"अहो, नवस तुमच्या जिवासाठी आहे!"

"मग ज्याचा जीव, तोच सूट देतोय."

वैतागून तिने कढई पालथी घातली.

दुपारी खाऱ्या धुळीचा वारा सुटला. खिडक्या पांढऱ्या झाल्या. चूल थंडगार होती... तरी घरात तळणाचा वास येऊ लागला. बाल्झानने पेटीकडे पाहिलं. सकाळी पुसून काढलेली साय पुन्हा धरली होती. आणि मोठ्या दगडावर करंगळीएवढी सात भोकं उघडली होती. ओठांसारखी मऊ. सगळी चुलीकडे वळलेली. मिटत होती, उघडत होती...

"अहो... हे काय?"

"थांब, फोटो..." येर्मेकच्या हातून फोन पडला. त्याने छाती धरली. तिने धावत जाऊन जिभेखाली गोळी ठेवली. तो कसाबसा म्हणाला, "बाल्झान... तळ."

पीठ मुरायलाही तिने वेळ दिला नाही. सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूबाईंचं, आईचं, बापाचं, दोन बहिणींचं. दर नावाला एक पोळी तेलात, आणि एक भोक मिटे. सहा मिटली. सातवं वासलेलंच.

"आणखी कोण हो तुमच्याकडचं?"

येर्मेकने पेटीच्या काचेवर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "तोलेगेन... माझा धाकटा भाऊ. समुद्र वेशीपाशी होता तेव्हा बुडाला. आई म्हणायची, सापडेपर्यंत त्याचं नाव मेलेल्यांत घ्यायचं नाही..."

"काय म्हणावं तुम्हाला! पन्नास वर्षं पोर उपाशी ठेवलंत!"

तिने नाव घेऊन सातवी पोळी सोडली. भोक मिटलं. येर्मेकचा श्वास मोकळा झाला.

"पण हे दगड तर परक्या समुद्रातले..." तो म्हणाला.

"इथला समुद्र निघाला तो कुठेतरी गेलाच असेल ना?"

तेव्हापासून तिचा शुक्रवार चुकलेला नाही. पण गेल्या शुक्रवारी दगडावर आठवं तोंड उघडलं. अख्ख्या गल्लीतल्या मेलेल्यांची नावं घेऊन झाली, ते मिटत नाही. ग्रुपवाले म्हणतात, स्पंज असेल. येर्मेकचा हात पुन्हा छातीकडे जातो. आणि ते तोंड चुलीकडे नाही, बाहेरच्या दाराकडे वळलेलं आहे.

बाल्झानने आशा सोडलेली नाही. तिचं मागणं एवढंच: तुमचं कुणी पाण्यात गेलं असेल, सापडलं नाही म्हणून त्याचं नाव घ्यायचं तुम्ही टाळत असाल, तर या शुक्रवारी तुम्हीही कढई चढवा. आणि नाव जरा मोठ्याने घ्या.