मोठं मन नकोय मला

उताराच्या तोंडावरच कोणीतरी स्कूटर लावून ठेवली होती.

हॉलच्या दारात पायऱ्यांशेजारी तो एकच उतार, आणि तिची व्हीलचेअर आत न्यायला तेवढीच वाट. किल्ली गाडीलाच होती. तिने ती फिरवली, हॉर्नवर अंगठा ठेवला तो उचललाच नाही. आतून एक तरुण धावत आला. गळ्यात कॅमेरा, तोंडात अर्धं सँडविच.

"सॉरी, सॉरी! मला वाटलं, ही जागा... म्हणजे..."

"काय वाटलं? घसरगुंडी?"

तो इतका ओशाळला की घास गिळायचाच विसरला. मग स्वतःशीच हसला. हसला तेव्हा बरा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"तुमचा डावा सुळा पुढे आलाय," ती म्हणाली.

"अं?"

"दातांच्या लॅबमध्ये असते मी, कवळ्या बनवते. सवय आहे बघायची. गाडी काढा आता."

दिवसभर मेणात दात बसवायचे आणि संध्याकाळी या हॉलमध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायचं, असा तिचा दिनक्रम. संघाची कॅप्टन तीच. शाळेत असताना मणक्याला मार बसला, तेव्हापासून खुर्ची. त्याबद्दल कोणी विचारलं की ती म्हणायची, "जुनी बातमी आहे. पुढचं विचारा." संघातल्या सगळ्या जणी साध्या, दवाखान्यातल्या असतात तसल्या खुर्च्यांवर खेळायच्या. जोरात वळलं की खुर्ची उलटायची. तिरक्या चाकांच्या खेळाच्या खुर्च्या हव्या होत्या, आणि स्पर्धा तोंडावर आली होती. एका संस्थेने सोशल मीडियावरून मदत गोळा करून द्यायचं कबूल केलं होतं. त्यासाठीच हा कॅमेरावाला आला होता.

आठवड्याने त्याने व्हिडिओ दाखवला. संथ व्हायोलिन, खिडकीशी तिचा उदास चेहरा, खाली अक्षरं - 'तिची स्वप्नं अपूर्णच राहणार का?'

"मी मेले का यात?" तिने विचारलं.

संघातल्या काकू बँकेत कॅशियर होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर स्वतःच्याच शोकसभेला आल्यासारखं वाटलं बाई!"

"संस्थेच्या अध्यक्षांनी तसंच सांगितलंय," तो कसाबसा म्हणाला. "लोक रडले की देतात."

"मग कांदे चिरून दाखवा. आमचे चेहरे कशाला?"

तो कॅमेरा आवरून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी परत आला. कॅमेरा स्टँडवर लावला, एका रिकाम्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मला खेळायला घ्या."

पहिल्याच धडकेत तिने त्याला खुर्चीसकट आडवा केला. सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या. तो जमिनीवरून तिच्याकडे बघतच राहिला.

"लागलं?"

"लागलं."

"छान. हा बास्केटबॉल आहे, पाळणा नाही."

तोच व्हिडिओ त्याने संघाच्या खात्यावर टाकला. खाली लिहिलं, 'आम्ही अशा आपटतो. चांगल्या खुर्च्या द्या, अजून जोरात आपटू.' अध्यक्षांनी त्याच दिवशी त्याला घरी बसवलं.

"काम गेलं?" तिने विचारलं.

"गेलं. आता वेळच वेळ आहे. रोज आपटून घ्यायला येईन."

आणि खरंच रोज येऊ लागला. न विचारता खुर्ची ढकलायची नाही, हे तो एकदाच ओरडा खाऊन शिकला. वर बघून बोलताना तिची मान अवघडते, हे मात्र त्याचं त्यालाच कळलं. तेव्हापासून बोलायचं असलं की तो सरळ फरशीवर मांडी घालून बसायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा धडकेत त्याचा दात हलला, म्हणून रबरी गार्ड बनवायला तिने त्याला लॅबमध्ये बोलावलं. साचा तोंडात दाबून धरला. तिची बोटं त्याच्या गालावर, तिचा श्वास त्याच्या कपाळावर...

साचा निघाल्याबरोबर तो म्हणाला, "पहिल्यांदा इतक्या जवळ आलीस, आणि बोलू दिलं नाहीस!"

"म्हणूनच आले."

"आता बोलू? आवडतेस तू मला."

तिने साचा उगाचच उजेडात धरला. "मी... मी सांगते. थांब थोडं."

ते सांगायच्या आतच गडबड झाली. सरावात पाणी पिताना तो तिच्याकडे बघतोय, एवढासाच एक तुकडा संघाच्या नव्या व्हिडिओत गेला होता. लोकांनी नेमका तोच उचलला. 'धन्य तो मुलगा! अशा मुलीला स्वीकारायला केवढं मोठं मन लागतं!' त्या वाक्याखाली बदामांचा पाऊस पडला, आणि पैशांचाही. अध्यक्षांचा तिला फोन आला, "पुढे न्या ही गोष्ट. साखरपुडा लाइव्ह दाखवू. हव्या तेवढ्या खुर्च्या येतील!"

घरी आई म्हणाली, "चांगलंच बोलतायत ना गं लोक..."

"आई, मी भंगार आहे का, कोणी मोठ्या मनाने उचलून न्यायला?"

आईने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, "मग त्यांना सांग ना तसं. माझ्यावर काय ओरडतेस!"

तिने संघाला जमवलं. "मी तोंड उघडलं तर आलेले पैसेही जातील."

काकू म्हणाल्या, "जाऊ देत. आयुष्यभर पैसे मोजलेत मी. असले नकोत. बोल तू."

"मी बोलू का?" त्याने विचारलं. "माझ्यामुळे झालंय सगळं."

"नाही. तू कॅमेरा धर."

ती लाइव्ह आली. केस विस्कटलेले, मागे चेंडूचा धपधप आवाज. "नमस्कार. तुम्ही ज्याला थोर म्हणताय, तो अजून माझ्या उत्तराची वाट बघतोय. निवड मी करणार आहे, तो नाही. त्याच्या मोठ्या मनासाठी कोणी पैसे दिले असतील तर परत मागा, आम्ही देऊ. आमचा खेळ बघून द्यायचे असतील तर द्या. आमच्यावर रडणार असाल तर दुसरीकडे जा. आम्हाला सराव आहे."

त्याने कॅमेरा बंद केला.

पुष्कळांनी पैसे परत मागितले. काही जणांनी 'माज बघा' असंही लिहिलं. काकूंनी ज्याचे त्याला परत केले, आणि 'माज आहेच' असं उत्तरही दिलं. पण त्याच बोलण्यावर नवी माणसं येऊ लागली. 'तुमचा सामना कुठे बघायला मिळेल?' असं विचारणारी.

शेवटी सगळ्या संघाला पुरतील इतक्या खुर्च्या झाल्याच नाहीत. पाच आल्या.

"मैदानात पाचच जणी लागतात," ती म्हणाली. "आपण आलटून पालटून बसू."

त्या संध्याकाळी नव्या खुर्चीत तिने एक गिरकी घेतली आणि खुर्ची जागच्या जागी भिंगरीसारखी फिरली. सगळ्या गेल्यावरही ती फिरतच होती. त्याने कॅमेरा उचलला.

"ठेव तो खाली."

त्याने ठेवला. नेहमीसारखा फरशीवर येऊन बसला.

"त्या दिवशी लॅबमध्ये म्हणालास ते पुन्हा म्हण. आता कोणी बघत नाहीये."

"आवडतेस तू मला." तो थबकला. "आणि मी... तुला?"

"हो," ती म्हणाली, आणि वाकून त्याची कॉलर मुठीत धरली. "पण मोठ्या मनाने नाही हं. अगदी कोत्या मनाने. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही मी तुला!"