चिप अजून आली नाही

वर्षाराणी पवनच्या दुकानात पहिल्यांदा आली ती दहा मिनिटांच्या कामासाठी, आणि स्वतःच्या हाताने ते काम दीड महिन्याचं करून बसली.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडमागे पवनचं मोटर-स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान. दिवस कोरड्या थंडीचे. मेडशीहून एसटीने आलेल्या वर्षाराणीच्या पिशवीत एक डबा होता. आत सिमकार्ड असलेला हा डबा शेतातल्या मोटरीला जोडला, की घरून फोन लावला तरी मोटर सुरू होते. तिचे वडील जगदेव यांचं आणि मोबाइलचं कधी जमलं नाही, त्यामुळे घरची मोटर चालवायची ती हीच. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी डबा मुका झाला होता.

पवनने डबा उघडला. मग खाली वाकून शेणाने सारवलेल्या, नुकतंच पाणी शिंपडलेल्या जमिनीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलला. नुसती वायर सुटली आहे, असं म्हणाला. ती बघायला पुढे झाली तसा म्हणाला, "आधी जमिनीले हात लावा. आमच्या बाबाची शिकवण हाये."

वर्षाराणी वाशिमहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली, तोही फर्स्ट क्लासमध्ये. तिला हसू आवरेना.

"पूजा थोडीच करून राह्यलो आपण, पवनभाऊ," असं म्हणत तिने सरळ आतल्या चिपला बोट लावलं.

अंगात नायलॉनचं स्वेटर, सकाळपासून केसांना ओढणारं. बोटातून चट् करून बारीकशी ठिणगी उडाली. पवनने चिपकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"गेली," तो म्हणाला. रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं.

कारण काय झालं ते तिला पुस्तकासकट पाठ होतं. अंगावर साठलेली वीज चिपला मारते, म्हणून कारखान्यात मनगटाला पट्टा बांधून ती जमिनीत सोडतात. पवनचे वडील ओल्या जमिनीला नमस्कार करून तेच करत होते. हिने वाचलं होतं, यांना ठाऊक होतं... तिचे कान लाल झाले.

चिप केवढी, तर करंगळीच्या नखाएवढी. पण ती आपल्या देशात बनत नाही. मलेशियाहून मुंबई, मुंबईहून अकोला आणि मग मालेगाव. किती दिवस लागतील, सांगता येत नव्हतं. पवनने तोवर आपल्या दुकानातला दुसरा डबा दिला, स्वतः मेडशीला येऊन बसवूनही दिला. हरभऱ्याची सोय झाली. म्हणजे खरं तर वर्षाराणीला मालेगावला यायचं काही कारणच उरलं नाही.

तरी ती पुढच्या मंगळवारी आली.

"आली का चिप?"

"नाई अजून."

मग चहा आला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही चिप आली नाही, चहा आला. तिसऱ्या मंगळवारी तिने सांगितलं, की आपल्याकडेही आता चिप बनणार आहेत, गुजरातेत कारखाना झाला आहे आणि तिने तिथली मुलाखत दिली आहे. केसाहून बारीक तारा सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा. धुळीचा कण चालत नाही, म्हणून पावडर नाही, बांगड्या नाहीत, काजळसुद्धा नाही.

"काजळ भी नाई?" पवनने तिच्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मोठं नुकसान हाये मंग."

"कोनाचं?"

"कारखान्याचं," तो म्हणाला आणि उगीचच एक स्क्रू शोधू लागला.

त्या दिवशी निघताना तिने नुसतं "येते, पवन" म्हटलं. आपल्याकडे ओळखीच्या पोराच्या नावामागे भाऊ लागतोच. आज तो भाऊ सुटला, हे दोघांच्याही लक्षात आलं. परतीच्या एसटीत ती मेडशीचा थांबा विसरून पुढे गेली.

आणि मग पत्र आलं. निवड झाली होती. दोन वर्षांचा करार, दोन आठवड्यांनी सोमवारी हजर व्हायचं. घरात पेढे वाटले गेले, आणि वर्षाराणीने मात्र एक मंगळवार पवनला काही सांगितलंच नाही. तो 'नका जाऊ' म्हणाला तर आपला पाय निघणार नाही, ही एक भीती. आणि काहीच म्हणाला नाही तर? ती भीती त्याहून मोठी होती. ज्या कामासाठी तीन वर्षं वाशिमच्या एसटीत उभं राहून शिकली, ते सोडायचं नव्हतं. आणि हा माणूसही सोडायचा नव्हता.

शेवटच्या मंगळवारी ती चहा यायच्या आतच बोलली.

"सोमवारी चालली मी. गुजरातले."

पवनने टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक छोटं पाकीट तिच्यासमोर ठेवलं. आत चिप होती. पाकिटावर कुरिअरची तारीख होती, बरोबर एक महिन्यापूर्वीची.

"महिनाभर खोटं बोलून राह्यले तुमी?"

"आली म्हणून सांगतलं असतं, तं तुमी आल्या नसत्या." त्याने मान वर केली नाही. "लय वेळा वाटलं सांगावं... पन मंगळवार आला का तोंड उघडेच ना."

तिला रागवायचं होतं. पण स्वतःचं पत्र आठ दिवस पिशवीत दडवून फिरणारीने कुणावर रागवावं?

"जाऊ का मी?" तिने हळूच विचारलं.

"जा." हे त्याने तिच्याकडे पाहून म्हटलं. "नखाएवढ्या तुकड्यापायी इथली मोटर पंधरा-पंधरा दिवस अडते, हे कोनीतरी मिटवलं पाह्यजे ना. अन् मले तुमी आवडता. पह्यल्या दिवसापासून. हे ऐकून थांबू नका, ऐकून जा."

वर्षाराणीचे डोळे भरून आले. काजळ पसरलं असणार, पण इथे थोडाच कारखाना होता. तिने लगेच चिप घेतली नाही, आधी वाकून ओल्या जमिनीवर हात टेकला. पवननेही शेजारी हात टेकला. बोटांना बोटं लागली आणि दोघेही तसेच राहिले... ठिणगी उडाली नाही. मग तिने हात कपाळाला लावला, चिप उचलली आणि आपल्या जुन्या डब्यातल्या खाचेत अलगद बसवली. डब्यावर हिरवा दिवा लागला.

आता डब्यात नंबर घालायचे होते. ज्यांचे नंबर, त्यांच्याच फोनवर मोटर चालते. पहिला तिचा होताच.

"दुसरा कोनाचा टाकू?" पवनने विचारलं.

"मी गेल्यावर बाबाची मोटर कोन चालवन?" ती म्हणाली. "तुमचा टाका. अन् दोन वर्षांनी काढू नका."

पवनने आपला नंबर दाबला. दहा आकडे, पण त्यात तो दोनदा चुकला.

संध्याकाळी मेडशीला जगदेवांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आता दोन नंबरांवर मोटर चालेल, असं तिने सांगितलं तेव्हा दुसरा कोणाचा, म्हणून विचारलं.

"पवनचा," वर्षाराणी चहा गाळता गाळता म्हणाली.

जगदेवांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"अन् भाऊ कुठी गेला त्यातला?"

तिने तोंड फिरवून गाळणी झटकली. जगदेव लेकीकडे बघत राहिले, मग हसून म्हणाले, "बरं. सोमवारच्या आधी त्याले जेवाले बोलाव."