पावणेबाराचा सेल्फ

"घाबरायचं असलं तर आत्ताच खाली जा," सांडूकाका पुतण्यांना म्हणाले. लाइट गेली होती आणि हर्सूलच्या त्या गच्चीवर एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती. "पुंडलिक मिस्त्री पंचवीस वर्षं माझ्या शेजारच्या गाळ्यात होता. त्यानं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही नाय. दिवससुद्धा ठाऊक आहे. सतरा नोव्हेंबर, दोन हजार तेवीस. शुक्रवार."

त्या संध्याकाळी पुंडलिक गॅरेज बंद करत होता, तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक. चौका गावाच्या पुढं, फाट्यापासून अर्धा किलोमीटर आत त्यांचं घर.

"मिस्त्री, सुदर्शनची मोटरसायकल चालू करून द्या. आजच."

सुदर्शन त्यांचा एकुलता एक मुलगा. फेब्रुवारीत गेला होता. गाडी तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. नऊ महिन्यांनी आजच एवढी घाई कसली, हे पुंडलिकच्या अगदी ओठांवर आलं. पण अशा घरी विचारू नये. त्यानं मीटर, पाने आणि एक चार्ज केलेली बॅटरी पिशवीत टाकली आणि साडेनऊला तिथं पोचला.

आवडाबाईंनी चहा दिला. "नवीकोरी गाडी हो मिस्त्री. कधी दगा दिला नाय. नेमकी त्याच रात्री लागली नाय. लागली असती तर माझं लेकरू फाट्यावर चालत कशाला गेलं असतं?"

फाट्यावर वाहनाची वाट बघत असतानाच त्याला ट्रकनं उडवलं होतं. एवढ्या रात्री तो कुठं निघाला होता, ते कोणालाच कळलं नाही. आप्पासाहेब मान खाली घालून बशीत चहा ओतत राहिले.

शेडमध्ये आल्यावर ते हळूच म्हणाले, "रोज रात्री पावणेबाराला इथं गाडीचा सेल्फ वाजतो."

"ओल धरली असंल. स्विच चिकटला की आपोआप फिरतो सेल्फ," पुंडलिक म्हणाला आणि त्यानं बॅटरीला मीटर लावलं. दोन व्होल्ट. एवढ्यावर सेल्फ काय, इंडिकेटरही लागत नाही. जुनी बॅटरी काढून त्यानं आपली बसवली. चावी फिरवल्यावर दिवा लागला, सेल्फही जोरात फिरला. गाडी मात्र लागेना.

पुंडलिकची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि ती ठीक निघाली की मोठ्यानं म्हणायचं. "फ्यूज बरोबर." "लाल बटण बरोबर." "स्टँडचा स्विच बरोबर." त्याच्या प्रत्येक 'बरोबर'ला आप्पासाहेब थोडे आणखी वाकत होते. शेवटी त्यानं प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि सेल्फ मारला. ठिणगीच नाही.

मग त्यानं टाकीखाली हात घातला. कॉइलला करंट देणारं सॉकेट नुसतं तोंडाशी टेकवून ठेवलेलं होतं. वरून बघितलं तर कोणालाही बसलेलंच वाटावं.

"हे आपोआप निघत नाय, आप्पासाहेब. याला खटका असतो."

"तुम्हीच शिकवलं होतं, मिस्त्री."

पुंडलिकचे हात जागच्या जागी थांबले. सर्व्हिसिंगला आलेले आप्पासाहेब त्याला आठवले. पोरगं रात्री-अपरात्री बाहेर पडतं म्हणून कुरकुरत होते. "त्यात काय!" पुंडलिक हसत म्हणाला होता. "हे एवढं सैल करून ठेवा. सेल्फ फिरतो, गाडी लागत नाय. पोरगं थकून झोपतं. सकाळी दाबून टाका." आणखी चार-पाच बापांनाही त्यानं ते शिकवलं होतं. सगळे हसले होते.

"पाव तास सेल्फ मारत होता," आप्पासाहेब म्हणाले. "मी आत जागा होतो. म्हटलं, थकंल... झोपंल. शेवटी बॅटरी बसली. नुसतं कट... कट... मग पावलं वाजली. मला वाटलं, घरात येतोय."

आप्पासाहेबांनी गाडीच्या सीटवरची धूळ तळहातानं पुसली.

"आता रोज मारतो. पण आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. काल तर कान देऊन ऐकावा लागला. तो आवाज पार बंद व्हायच्या आत... त्याची गाडी लागू द्या, मिस्त्री."

शेडच्या तोंडाशी आवडाबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. आत आल्या आणि शेडमधल्या बाजेवर बसल्या.

"तुमच्या हातानं बसवा," पुंडलिक म्हणाला. आप्पासाहेबांनी सॉकेट दाबलं. खटका बसला. पुंडलिक प्लग लावून सेल्फ मारणार, तोच आप्पासाहेबांनी त्याचं मनगट धरलं. "तुम्ही नको. त्याला मारू द्या."

पुंडलिकला ते सहन होईना. त्यानं बॅटरी काढली आणि बाजेवर ठेवली. आता सेल्फ वाजणं शक्यच नव्हतं. आज काहीच वाजलं नाही, की निदान ह्या माणसाच्या मनातून तो आवाज जाईल, असं त्याला वाटलं.

"मग किक मारली असंल कोणी," गच्चीवर पुतण्या आकाश पुटपुटला.

"त्या गाडीला किकच नव्हती," सांडूकाका म्हणाले. "गप ऐक."

साडेअकरा. कुत्रीही गप्प होती.

पावणेबारा.

काही नाही. पुंडलिकनं श्वास सोडला.

...कट.

अगदी बारीक. मांजरानं पत्र्यावर पाऊल टाकावं तेवढा.

...कट. ...कट.

गाडीवर कोणी नव्हतं. वायरी लोंबत होत्या. बॅटरी बाजेवर, आवडाबाईंच्या पदराला लागून.

आप्पासाहेब उठले. "मार, बाळा," ते म्हणाले. "आता लागंल. मी काढलं होतं... मीच बसवलंय."

...

घर्र...

घर्र... घर्र...

लागली.

गाडी जागची हलली नाही. स्टँडवरच होती. आवाज मात्र शेडमधून निघाला. अंगणातून. फाटकातून. पहिला गिअर. दुसरा. फाट्यापाशी बारीक झाला... तिघांनी श्वास धरला... आणि पुढं गेला. फाट्याच्या पुढं. लांब. कितीतरी वेळ ऐकू येत होता.

"कुठं गेला असंल हो?" आवडाबाईंनी विचारलं.

कोणाला काय माहीत.

पुंडलिक बॅटरीच्या उजेडात... नाही, बॅटरी कुठली, मोबाइलच्या उजेडात गाडीपाशी गेला. सायलेन्सरला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. चटका बसला होता.

आप्पासाहेब शेजारी येऊन बसले आणि त्यांनी अख्खा तळहात त्यावर ठेवला.

"भाजंल, आप्पासाहेब. हात काढा."

"असू द्या," ते म्हणाले. "आत्ताच गेलाय."