सहा पॉइंट चार

दान आलेल्या खोक्यातून काय निघेल याचा नेम नसतो, हे मंजिरीला रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात यायला लागल्यापासून सहा महिन्यांत चांगलंच कळलं होतं. बाबारावांच्या घराच्या पुढच्या खोलीत सायकलींचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायला, विकायला तिथं काहीच नसायचं. लोकांनी टाकलेल्या सायकली यायच्या. बाबाराव आणि सुट्टीच्या दिवशी जमणारी चार माणसं त्या उभ्या करायची, आणि ज्याला कामावर किंवा शाळेत जायला सायकल हवी असेल त्याला ती मिळायची. बाबाराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सारा पारा, म्हणजे सारी वस्ती, त्या जागेला सायकलघर म्हणायचा.

अलीकडे मात्र सायकली कमी आणि सायकलींवर लावायची यंत्रंच जास्त यायला लागली होती. कुणी नवं घड्याळ घेतलं की जुनं मीटर इकडे. "सायकल नाही देत कोणी, सायकलीचे दागिने देऊन राहिले," असं बाबाराव कुरकुरत. मंजिरी मूळची पुण्याची. नव्या रायपुरातल्या एका संस्थेत पाऊस आणि वारा मोजणारी यंत्रं तपासायची हे तिचं काम. यंत्रावर विश्वास ठेवायचा तो त्याची चूक शोधून झाल्यावर, हा तिचा खाक्या. त्यामुळे ते खोकं आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

तिनं त्याची बरी सोय लावली होती. लुकलुकणारे लाल दिवे पहाटे रस्ते झाडायला जाणाऱ्या बायकांच्या सायकलींना. चाकाच्या फेऱ्या मोजणारी जुनी, तारेची मीटरं शाळेच्या पोरांना, म्हणजे शाळा किती दूर आहे यावर त्यांची भांडणं तरी मिटतील. छातीला बांधून ठोके मोजायचे पट्टे कधीच बंद पडलेले असत, पण त्यांचं इलॅस्टिक डबा कॅरिअरला बांधायला झकास. बाबारावांचा नियम एकच होता. सायकलीला मीटर लावलं, की ते शून्य करूनच द्यायचं. दुसऱ्याचे किलोमीटर डोक्यावर घेऊन कुणी निघू नये, असं ते म्हणत.

डिसेंबरात बाबारावांनी नागपूरला मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं. रविवारची गाडी होती. दुकान पुढे मंजिरीनं बघायचं होतं, म्हणून तिनं सोमवारपासून आठवडाभर रजा टाकली. अडत होतं ते त्यांच्या बायकोपाशी, मंदाकिनीकाकूंपाशी. बाबाराव ट्रंक भरून ठेवत आणि दुपारी काकू ती शांतपणे रिकामी करत. त्यांचा मुलगा निरंजन सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. सायकलीनं जायचा, सायकलीनं यायचा. पाच वर्षांपूर्वी परतताना तो ट्रकखाली गेला. "कुत्र्यापायी गेला पोट्टा," एवढंच मंजिरीनं पाऱ्यात ऐकलं होतं. रस्त्यात कुत्रं आडवं आलं असणार, असं धरून चालून तिनं पुढे कधी विचारलं नाही.

सोमवारी तिला खोक्याच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं एक यंत्र सापडलं. साबणाच्या वडीएवढं, काळं, काचेला एक तडा. आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखून घर किती दूर आहे ते सांगणारं, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. आत सिमकार्डही बसायचं, म्हणजे बटण दाबलं की ठरलेल्या नंबरावर ठरलेला निरोप जायचा. सिमची जागा रिकामी होती. मंजिरीनं दोन पेन्सिल सेल घातले तेव्हा काचेवर रोमन अक्षरांत "घर" उमटलं, पुढे १५.८ किलोमीटर. साठवलेला निरोप एकच होता, "येऊन राहिलो".

कुणीतरी कुठेतरी येऊन मुक्काम ठोकलेला दिसतोय, असं तिला आधी वाटलं. मग तिचं तिलाच हसू आलं. इकडे "येऊन राहिलो" म्हणजे येतोय, वाटेत आहे.

तिनं यंत्र बाबारावांना दाखवलं. ते चाकाची तार ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शून्य करून टाक," ते म्हणाले.

पण तपासल्याशिवाय पुसायचं नाही, हा मंजिरीचा नियम होता. यंत्र तिनं फळीवर ठेवलं. मंगळवारी सकाळी त्यावर १२.९ होतं. वर पत्रा, यंत्राला आकाश दिसत नाही, म्हणून भरकटलं असेल असा तिनं निकाल दिला आणि सेल काढून टाकले. बुधवारी सेल पुन्हा घातले तेव्हा ९.७. सेल काढलेलं यंत्र तर भरकटायला नको. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.

सवापाचला आकडा हलला. ९.६ झाले, थोड्या वेळानं ९.५. मंजिरीनं घड्याळ लावून वेग काढला. तो माणसाच्या चालण्याचा नव्हता, मोटरसायकलीचाही नव्हता. फळीवर ठेवलेलं यंत्र सायकलीच्या वेगानं घराकडे येत होतं. ६.४ वर ते थांबलं. तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षा जास्त असं वाटलं, की थांबू नये त्यानं.

गुरुवारी सवापाच वाजले, साडेपाच वाजले. आकडा ६.४ च राहिला. शुक्रवारीही तेच. घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथंच.

शुक्रवारी संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या. रोज पावणेसहाला त्या चहा आणत आणि कप रोज एक जास्त असे. कुणी आलं तर असावा, अशी मंजिरीची समजूत होती. फळीवरचं यंत्र पाहिल्यावर काकूंनी ट्रे सावकाश खाली ठेवला. ते त्यांच्या निरंजनचं होतं. कारखान्यातून निघताना तो बटण दाबायचा, इकडे काकूंच्या फोनवर निरोप यायचा आणि पाऊण तासाच्या हिशोबानं त्या चहा टाकायच्या. त्या दिवशीही निरोप आला होता. तो अजून त्यांच्या फोनमध्ये होता.

"पोट्टा येऊन राहिला," काकू बाबारावांकडे बघत म्हणाल्या, "अन् तुम्ही म्हणता दाराले कुलूप लाव."

बाबारावांनी कबूल केलं. यंत्र कपाटातून काढून खोक्यात त्यांनीच टाकलं होतं. स्वतःच्या हातानं शून्य करायचा धीर होत नव्हता. मंजिरीला काही माहीत नव्हतं, तिच्या हातून पुसलं गेलं असतं तर काकू निघाल्या असत्या, असा त्यांचा बेत.

मग मंजिरीनं आठवडाभराचे आकडे सांगितले. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. हसलं कुणीच नाही. ६.४ ऐकल्यावर बाबाराव स्टुलावर बसले.

"सिलतऱ्याच्या रस्त्यावर, भनपुरीपाशी. तिथंच झालं ते."

"कुत्रं तिथं आडवं आलं का, काका?"

बाबाराव उठले. त्यांनी भंगारातलं एक फ्रीव्हील घेतलं, म्हणजे मागच्या चाकाची ती दातेरी चकती, जी पायडल मारलं की चाकाला धरते आणि थांबवलं की कटकट करत मोकळी फिरते. त्यांनी ती खोलली. आत नखाएवढे पोलादाचे दोन तुकडे होते. त्यातला एक त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

"याले कुत्रं म्हणतात आमच्या कामात. दात पकडून ठेवते म्हणून. एक कुत्रं घासलं होतं त्याच्या सायकलीचं. कटकट करताना मधला एक ठोका गळायचा. महिनाभर म्हणून राहिला होता, बाबा, बदलून द्या. मी म्हणत होतो, रविवारी करू." त्यांनी चकती खाली ठेवली. "ट्रकले बाजू द्याले त्यानं जोर मारला न, तवाच सटकलं. पायडल मोकळं गेलं अन् तोल सुटला."

पाच वर्षं सारा पारा कुत्र्याला बोल लावत होता आणि या माणसानं कुणाचीच चूक दुरुस्त केली नव्हती. काकूंनाही यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मंजिरीला तिथून उठून जावंसं वाटलं. काकू भिंतीकडे बघत होत्या. तिथं हुकाला चादरीत झाकलेली एक सायकल टांगलेली होती. तिचा साधा नटसुद्धा बाबाराव कुणाला काढू देत नसत.

"मंग आता द्या न बदलून," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी बाबारावांनी सायकल खाली घेतली. गंजलेलं फ्रीव्हील सुटेना. केरोसीन टाकून, पाना लावून, दोघांनी मिळून जोर केला तेव्हा ते निघालं. नवं बसवताना बाबारावांनी चकती कानाशी धरून फिरवली आणि सगळे ठोके नीट ऐकून घेतले. मग फडक्यानं चेन आणि टायर पुसले, टायरांत हवा भरली. एरवी अर्ध्या तासाचं ते काम त्यांनी दुपारपर्यंत पुरवलं. मंजिरीनंही सवयीनं खोक्यातलं एक तारेचं मीटर हॅन्डलला लावलं, चाकाचा घेर घातला आणि बटण दाबून शून्य केलं. नियम तो नियम. सायकल पुन्हा हुकाला टांगली गेली.

सवापाचला तिघं फळीसमोर बसली. दार उघडं होतं. गल्लीत कुणी रेवडीवाला ओरडत गेला.

पाच वीसला ६.३ झाले.

काकूंनी बाबारावांचा हात धरला. ५.९. ५.५. भनपुरी मागे पडली. साडेपाचनंतर अंधारायला लागलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. ३ वर फाफाडीहचा चौक आला असेल. तिथं आकडा मिनिटभर थांबला आणि मंजिरी काचेवर वाकली.

"सिग्नल हाय तिथं," बाबाराव म्हणाले.

आकडा पुन्हा चालू झाला.

काकू उठल्या. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग चहात टाकलेल्या आल्याचा वास.

०.४.

०.२.

गल्लीच्या तोंडाशी कटकट ऐकू आली. पायडल थांबवून सायकल नुसती उतारावर सोडली की येते ती. आवाज जवळ येत गेला. एकसारखा होता, मधला एकही ठोका गळत नव्हता. बाबारावांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

मंजिरीनं वर पाहिलं. हुकाला टांगलेल्या सायकलीचं चाक स्थिर होतं.

आवाज उंबऱ्याशी येऊन थांबला. दारात कुणी नव्हतं.

यंत्रावर ०.० झालं. मग काच विझली.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. चार कप होते. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की मंजिरीला रडू आलं.

"इतके दिवस येऊन राहिला होता," काकू म्हणाल्या. "आता आला."

रविवारी सकाळी दाराला कुलूप काकूंनी स्वतः लावलं. किल्ली मंजिरीच्या हातात दिली आणि बाबारावांच्या आधी रिक्षात बसल्या. निघताना बाबारावांनी एकच काम सांगितलं. निरंजनची सायकल अनुश्रीला द्यायची. ती अभनपूरची, नर्सिंगला होती आणि एका सायकलीसाठी दोन महिने थांबलेली. मीटर तेवढं शून्य आहे ना ते बघून दे, असंही ते म्हणाले.

सोमवारी कामावर जाण्याआधी मंजिरीनं दुकान उघडलं. शनिवारी टांगल्यापासून सायकल कुणी खाली घेतली नव्हती, आणि कुलूप लागल्यापासून आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. काळं यंत्र फळीवर होतं. नवे सेल घालूनही ते लागलं नाही. तिनं सायकल खाली घेतली, हॅन्डलवरच्या मीटरचं बटण दाबलं.

६.४.

 मग तिला जे येत होतं ते तिनं केलं. टायरवर खडूनं खूण केली, जमिनीवर दुसरी. सायकल सरळ रेषेत एक फेरी पुढे ढकलली आणि टेपनं अंतर मोजलं. दोनदा मोजलं. तिनं शनिवारी मीटरमध्ये घातलेला घेर मिलिमीटरपर्यंत जुळत होता. मीटर अगदी बरोबर होतं.

टायरवरची खडूची खूण तिनं फडक्यानं पुसली. फडकं काळं झालं. सिलतऱ्याच्या रस्त्यावर लोखंडाच्या कारखान्यांची असते ती बारीक, काळी धूळ होती, आणि ती नवी होती.